पडद्यावरची लढाई किती खरी? वाचकांचे प्रश्न

युद्धपटांविषयी प्रश्न पाठवा असं आवाहन केलं होतं. आलेल्या पत्रांपैकी ज्यांची उत्तरं ठामपणे देता येतील, असे प्रश्न या अंकात घेतले आहेत.

चित्रपटातला जवान मिनिटभर सलग गोळ्या झाडतो, मॅगझिन बदलताना कधी दिसत नाही. प्रत्यक्षात जवानाजवळ किती गोळ्या असतात? (सांगली)

आपण एके-47 धरू. मॅगझिनमध्ये 30 गोळ्या. ट्रिगर दाबून ठेवला तर सेकंदाला साधारण दहा गोळ्या सुटतात, म्हणजे मॅगझिन तीन सेकंदांत रिकामं. जवान अंगावर पाच-सहा मॅगझिन बाळगतो. सहा धरली तर 180 गोळ्या. चित्रपटातल्यासारखा मारा केला तर हा सगळा साठा अठरा सेकंदांत संपेल, आणि लढाई तर अजून सुरूही झालेली नसेल.

म्हणूनच प्रशिक्षणात एकेक नेमकी गोळी झाडायला किंवा दोन-तीन गोळ्यांचा छोटा फटका मारायला शिकवतात. भारतीय सैन्यात 1990च्या दशकात आलेल्या इन्सास रायफलीत तर सलग माऱ्याऐवजी तीन गोळ्यांच्या फटक्याचीच सोय होती, आणि तिचं मॅगझिन 20 गोळ्यांचं. 1971च्या युद्धात पायदळाच्या हातात असलेली 7.62 मिमीची एसएलआर (सेल्फ लोडिंग रायफल) एका वेळी एकच गोळी झाडायची. त्या युद्धावरच्या चित्रपटात जवान एसएलआरने पाऊस पाडताना दिसला तर ती सरळ चूक समजा. 1962च्या लढाईचा चित्रपट असेल, तर जवानाच्या हातात जुनी .303 रायफल हवी. तिचा बोल्ट प्रत्येक गोळीनंतर हाताने मागेपुढे करावा लागतो.

सलग मारा करणं हे एलएमजीचं, म्हणजे हलक्या मशीनगनचं काम. त्यातही नळी तापते. ब्रेन जातीच्या एलएमजीबरोबर जादा नळी देतात ती त्यासाठीच. दहाएक मॅगझिन भराभर रिकामी झाली की नळी बदलायची. ते करायला दुसरा जवान सोबत लागतो आणि तेवढा वेळ एलएमजी गप्प असते. शत्रू त्याच क्षणाची वाट पाहत असतो.

गोळ्या संपणं हा लढाईचा गाभा आहे. नाईक यशवंत घाडगे यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात हे लख्ख दिसतं. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फंट्रीच्या एका सेक्शनचं नेतृत्व करत होते. जवळून झालेल्या मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्याखेरीज सेक्शनमधले सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावले. ग्रेनेड फेकून मशीनगन आणि ती चालवणारा निकामी केला, टॉमीगन या हातातल्या छोट्या मशीनगनने आणखी एकाला मारलं. मॅगझिन बदलायला वेळ उरला नव्हता. त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार केलं. नंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. टॉमीगन कधीच रिकामी होत नाही असं दाखवलं, तर या पराक्रमातलं काय उरेल?

गोळी लागली की माणूस मागे फेकला जातो का? (सोलापूर)

नाही. हिशोब शाळेतल्या पदार्थविज्ञानाचाच आहे. एके-47ची गोळी साधारण 8 ग्रॅमची, नळीतून निघताना वेग सेकंदाला सुमारे 715 मीटर. वस्तुमान गुणिले वेग केलं की संवेग येतो 5.7 किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. हा सगळा संवेग सामानासकट 80 किलोच्या माणसाला मिळाला तरी त्याचा वेग सेकंदाला सात सेंटिमीटरच होईल. शिवाय गोळी झाडणाऱ्याच्या खांद्यालाही निदान तेवढाच धक्का बसतो. तो उडत नाही, तर समोरचा कसा उडेल? पडद्यावर उडणाऱ्या माणसाच्या कमरेला दोर बांधलेला असतो आणि तो यंत्राने मागे खेचतात.

प्रत्यक्षात माणूस बहुधा जागच्या जागी कोसळतो, बसतो, किंवा चार पावलं तसाच पुढे जातो. लागलंय हे काहींना काही वेळ कळतही नाही. पुढचं सगळं रक्तस्रावावर अवलंबून असतं. मांडीतली मोठी धमनी तुटली तर हातात काही मिनिटंच असतात. चित्रपटातला मित्र अशा वेळी जखमीचं डोकं मांडीवर घेऊन बोलत बसतो, हे मला सर्वांत जास्त खटकतं. शिकवलेली रीत वेगळी आहे: आधी शत्रूच्या गोळीपासून आडोसा, मग जखमेवर दाब किंवा जखमेच्या वर आवळपट्टी. प्रत्येक जवानाच्या ठरलेल्या खिशात मलमपट्टीचं पाकीट असतं. जखमीसाठी त्याच्याच खिशातलं पाकीट वापरायचं. स्वतःचं दिलं, तर आपल्या पाळीला काही उरणार नाही. एखाद्या दिग्दर्शकाने हात नेमका जखमीच्या खिशाकडे जाताना दाखवला, तर त्याने कुणा जाणत्याला विचारलंय हे लगेच कळतं.

देवळालीच्या तोफांच्या सरावाचे स्फोट लांबून पाहिले आहेत. चित्रपटासारखा नारिंगी आगीचा लोळ दिसला नाही. मग पडद्यावर तो कुठून येतो? (नाशिक)

पेट्रोलमधून. 155 मिमीच्या तोफेचा गोळा साधारण 43 किलोचा, त्यात सात-आठ किलो स्फोटक. ते फुटतं तेव्हा चमक क्षणाच्या छोट्या अंशापुरती असते. सेकंदाला 24 फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्यात ती एखाद्या फ्रेममध्येच सापडते. नंतर दिसतो करडा-काळा धूर आणि उसळलेली माती. माणसं मरतात ती मुख्यतः पोलादी कवचाच्या सणसणत जाणाऱ्या तुकड्यांनी, आणि ते तुकडे डोळ्यांना दिसत नाहीत.

चित्रीकरणात असं स्फोटक कलाकारांजवळ वापरताच येत नाही. म्हणून जमिनीत पोलादी भांडं पुरतात, त्यात थोडी बंदुकीची दारू, वर पेट्रोलची पिशवी आणि भोवती चाळलेली माती किंवा बुचाचा चुरा. पेट्रोलचा भडका हळू पसरतो, वर जातो, ठळक दिसतो आणि ठरावीक अंतरावर सुरक्षित असतो. हा नाइलाज समजण्यासारखा आहे. पण साध्या ग्रेनेडमधूनही आगीचा डोंब उठतो तेव्हा तो आळस असतो.

आवाजाचंही लक्षात घ्या. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. एक किलोमीटरवरचा स्फोट आधी दिसतो आणि तीन सेकंदांनी ऐकू येतो. पडद्यावर दोन्ही एकदमच होतं, कारण उशिरा आलेला आवाज प्रेक्षकाला तांत्रिक दोष वाटेल अशी निर्मात्यांना भीती असते. ज्यांनी हे अंतर राखलं आहे, त्यांच्या दृश्यांत लांबी-रुंदी खरी वाटते.

दातांनी ग्रेनेडची पिन काढता येते का? (कराड)

दात जातील. पिनेची टोकं फाकवलेली असतात आणि ती ओढायला बोट अडकवून जोर लावावा लागतो. भारतीय पायदळाने अनेक दशकं वापरलेल्या 36 नंबरच्या ग्रेनेडला खटका सुटल्यापासून सुमारे चार सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात संवाद बसत नाही.

कारगिलवरच्या चित्रपटांत जवान घोषणा देत दिवसाउजेडी कड्यावर धावत जातात. खरंच असं झालं का? (कोल्हापूर)

घोषणा झाल्या, समोरासमोरची झुंजही झाली. पण त्या शेवटच्या काही मिनिटांतल्या. त्याआधीचा सगळा भाग चित्रपट गाळतात, आणि जवानांची खरी परीक्षा तिथेच झाली.

उंचीपासून सुरुवात करू. द्रास गाव साधारण 10,700 फुटांवर, टायगर हिल 16,500 फुटांच्या वर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा. सैन्यात उंचीची सवय करून घेण्याचा ठरलेला क्रम आहे: 9,000 ते 12,000 फुटांवर सहा दिवस, 12,000 ते 15,000वर चार, त्याच्या वर आणखी चार. एकूण 14 दिवस. ते न पाळता वर गेलं तर फुप्फुसांत पाणी होऊन धडधाकट तरुण मरू शकतो. अशा हवेत पाठीवर पिट्ठू, अंगावर दारूगोळा आणि हातात रायफल घेऊन चढणारा माणूस काही पावलं टाकतो, थांबतो, श्वास गोळा करतो. कड्यावरून धावत दोन पानांचं भाषण करणं शरीराला शक्य नाही. चित्रीकरण खालच्या उंचीवर होत असल्याने नटाला धाप लागत नाही, आणि दिग्दर्शकालाही तिची आठवण राहत नाही.

दुसरी गोष्ट अंधाराची. शत्रू माथ्यावर संगरांच्या, म्हणजे दगड रचून केलेल्या आडोशांच्या मागे बसलेला आणि खालचा उतार उघडा. दिवसा त्यावर हालणारा प्रत्येक जण त्याच्या नेमात. म्हणून चढाया रात्रीच्या. अंधारात आवाज न करता, दोराने, हातांनी कडे चाचपत. टायगर हिलवर 3 जुलै 1999च्या संध्याकाळी तोफखान्याचा मारा सुरू झाला, रात्रभर चढाई चालली आणि माथ्यावर 18 ग्रेनेडियर्सचे जवान पोचले ते 4 जुलैच्या पहाटे. पण रात्रीची लढाई पडद्यावर दिसत नाही, म्हणून चित्रपट ती उजेडात आणतात किंवा निळ्या दिव्यांनी न्हाऊ घालतात.

तिसरी गोष्ट तोफखाना. त्या युद्धात आपल्या बाजूने सुमारे अडीच लाख तोफगोळे, उखळी तोफांचे बॉम्ब आणि रॉकेटं झाडली गेली. पायदळाबरोबर तोफखान्याचा निरीक्षक अधिकारी वर चढतो. नकाशावरून लक्ष्याचा आकडा वायरलेसवर देतो, पहिला गोळा कुठे पडला ते पाहतो, ‘200 पुढे’, ‘50 डावीकडे’ अशा दुरुस्त्या सांगतो आणि नेम बसला की पूर्ण तोफखान्याला मारा करायला लावतो. गोळा वीस किलोमीटरवरून यायला मिनिटाच्या आसपास वेळ लागतो. आपले जवान माथ्याजवळ पोचले की मारा उचलून पुढे न्यावा लागतो. लवकर उचलला तर शत्रू डोकं वर काढतो, उशिरा उचलला तर आपलेच जवान मरतात. इतका थरार हाताशी असताना चित्रपटात तोफा फक्त गाण्याच्या मधे धडाडतात, याचं वाईट वाटतं.

आणि काळ. तोलोलिंगसाठीची झुंज मेच्या उत्तरार्धात सुरू झाली आणि शिखर 13 जूनला हाती आलं. तीन आठवडे. मधे फसलेल्या चढाया, उघड्यावर अडकलेले जवान, खाली न आणता आलेले मृतदेह. पडद्यावर हे दहा मिनिटांत उरकतं. यातला एकच फसलेला हल्ला जरी नीट दाखवला, तरी पुढच्या यशाची किंमत प्रेक्षकाला कळेल.

लोंगेवालाची लढाई ‘बॉर्डर’मध्ये दाखवल्यासारखीच झाली का? तिथे खरंच इतके जवान गेले? (लातूर)

1997च्या त्या चित्रपटात कंपनीतले बरेच जण मरतात. प्रत्यक्षात 4 आणि 5 डिसेंबर 1971च्या त्या लढाईत चौकीवरचे दोन जवान कामी आले. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या हाताखाली 23 पंजाबच्या ‘ए’ कंपनीचे साधारण 120 जवान होते आणि सोबत सीमा सुरक्षा दलाची छोटी तुकडी. त्या दलातले भैरोंसिंग राठोड चित्रपटात हुतात्मा होतात. खरे राठोड डिसेंबर 2022 पर्यंत हयात होते.

माझ्या मते चित्रपटाने इथे लढाईची नाट्यमयता कमीच केली. चौकी वाळूच्या उंच टेकाडावर होती. समोर चाळीसएक पाकिस्तानी रणगाडे आणि त्यांच्यामागे पायदळ. आपल्याकडे जीपवर बसवलेल्या 106 मिमीच्या रणगाडाविरोधी तोफा, उखळी तोफा, मशीनगन आणि घाईघाईने पेरलेले थोडे सुरुंग. जैसलमेरच्या तळावरच्या हंटर विमानांना रात्री लढण्याची साधनं नव्हती. म्हणजे प्रश्न एकच होता: उजाडेपर्यंत टिकता येईल का? चांदपुरींनी रणगाडे जवळ येईपर्यंत मारा रोखला, मग पुढचे रणगाडे पेटवले. चौकीभोवतीची काटेरी तार पाहून पुढे सुरुंग असतील या शंकेने हल्लेखोर पायदळ थबकलं. पेटलेल्या रणगाड्यांच्या उजेडात उंचावरच्या आपल्या जवानांना लक्ष्य दिसत होती. बगल मारू पाहणारे रणगाडे मऊ वाळूत रुतले. सूर्य उगवला, हंटर आली आणि उघड्या वाळवंटात आडोसा नसलेले रणगाडे एकामागून एक टिपले गेले.

थोड्या माणसांनी इतका मोठा हल्ला रोखला आणि दोनच गमावले, ही शिस्तीची आणि जागेच्या निवडीची कमाल आहे. कमी माणसं गमावणं हेच तर अधिकाऱ्याचं कौशल्य. जास्त मृत्यू म्हणजे जास्त शौर्य, हे समीकरण आपल्या युद्धपटांनी सोडायला हवं.

‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’मधलं किनाऱ्यावरचं दृश्य इतकं खरं का वाटतं? (ठाणे)

बरंच श्रेय कॅमेऱ्याच्या शटरला, म्हणजे फिल्मवर प्रकाश सोडणाऱ्या फिरत्या चकतीला. नेहमी 24 फ्रेमच्या वेगाला शटर 180 अंशांवर ठेवतात. प्रत्येक फ्रेम सेकंदाच्या 48व्या भागापुरती उघडी राहते आणि हालचाल किंचित पुसट, डोळ्यांना गुळगुळीत दिसते. 1998च्या या चित्रपटात ते 90 आणि 45 अंशांपर्यंत बंद केलं होतं. 45 अंशांना फ्रेम सेकंदाच्या फक्त 192व्या भागापुरती उघडते. वाळूचा कणन्‌कण टोकदार दिसतो, हालचाल तुटक होते आणि पाहणाऱ्याला अस्वस्थ करते. शिवाय मरीन दलातले निवृत्त कॅप्टन डेल डाय यांनी नटांना आधी लष्करी शिबिरातून काढलं होतं. बंदूक हाताळण्यात, वाकून धावण्यात ते दिसतं.

एक चूक मात्र तिथेही आहे. पाण्यात खोल बुडालेल्या सैनिकांना गोळ्या लागून ते मरताना दिसतात. रायफलीची वेगवान गोळी पाण्यात शिरताच तुटते किंवा एखाद-दोन मीटरमध्ये तिचा जोर संपतो.

आमचा महाविद्यालयीन गट शिपाई नामदेव जाधव यांच्यावर वीस मिनिटांचा लघुपट करणार आहे. पैसा कमी आहे. लढाई खरी वाटावी म्हणून काय करावं? (संगमनेर)

विषय उत्तम निवडलात, तुमच्याच तालुक्यातल्या निमजचा. आधी त्यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसचं मानपत्र नीट वाचा, कारण पटकथा त्यातच आहे. 9 एप्रिल 1945, इटलीतली सेनिओ नदी, दोन्ही काठांना उंच भराव. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनच्या एका कंपनीचे निरोप्या असलेले जाधव पूर्व काठावर अडकतात. जखमी साथीदारांना एकेक करून पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणतात. मग परत जाऊन मशीनगनचा एक मोर्चा उडवतात. हाताला गोळी लागते, टॉमीगन चालवता येत नाही, ती टाकून देतात आणि ग्रेनेडने आणखी दोन मोर्चे संपवतात. मधे ग्रेनेड संपतात, तेव्हा भरावावर सरपटत येऊन साथीदारांकडून नवे घेतात. शेवटी भरावावर उघड्यावर उभे राहून युद्धगर्जना करत उरलेल्या कंपन्यांना पुढे बोलावतात. ग्रेनेड आणायला मागे येणं गाळू नका. निर्माते पहिल्यांदा तेच कापतात.

हत्यारं: खरी बंदूक किंवा ब्लँक काडतूस अजिबात नको. ब्लँकमध्ये शिसं नसलं तरी तप्त वायू आणि आतला बोळा जवळून जीव घेतो. लाकडी किंवा फायबरच्या प्रतिकृती करा, पण खऱ्या बंदुकीइतक्या, चार-पाच किलो वजनाच्या. हलकी बंदूक नट खेळण्यासारखी फिरवतो आणि कॅमेऱ्याला ते कळतं. नळीतली ठिणगी संकलनात एकाच फ्रेमपुरती घाला. भर उन्हात तीही नको. चित्रीकरणाआधी जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवा, पोच घ्या आणि प्रतिकृती रस्त्याने झाकून न्या.

गोळ्यांचे आघात: सायकलपंपासारख्या साध्या हवेच्या दाबाने, जमिनीत पुरलेल्या नळीतून मुलतानी माती उडवा. रंग आजूबाजूच्या मातीशी जुळवून घ्या. ठिणग्या नकोत. जवळच्या माणसांना चष्मे द्या. दिवाळीचे फटाके तर मुळीच नाहीत.

माणसं: पाठीवर वाळू भरून पंधरा किलो वजन द्या आणि प्रत्येक टेकआधी नटांना दोनशे मीटर पळवा. धाप अभिनयाने येत नाही. दोन माणसांत पाच ते आठ मीटर अंतर ठेवा. एका गोळ्यात दोघे सापडू नयेत म्हणून प्रत्यक्षात तसंच चालतात. फ्रेम रिकामी वाटेल अशी भीती वाटली, तर लांब पल्ल्याची लेन्स लावून कॅमेरा मागे न्या. लांबून घेतलेल्या चित्रात अंतर दाबलं जातं, आणि पसरलेली माणसं एका चौकटीत बसतात.

आवाज: जर्मन मशीनगन एमजी-42 मिनिटाला साधारण 1,200 गोळ्या झाडायची, म्हणजे सेकंदाला वीस. सुटे ठोके ऐकू येत नाहीत, कापड फाडल्यासारखा सलग आवाज येतो. दोनशे मीटरवरून मारा होत असेल, तर आधी डोक्यावरून गोळीचा कोरडा कडाका आणि सुमारे 0.3 सेकंदाने बंदुकीचा दबका धडाका. 25 फ्रेमच्या हिशोबात सात-आठ फ्रेमचं अंतर ठेवा. जवळच्या स्फोटानंतर पात्रांनी एकमेकांशी हळू बोलू नये. रायफलीचा आवाज कानाजवळ 150 डेसिबलच्या वर जातो, त्यामुळे ती ओरडतील, नाहीतर हातांनी खुणा करतील.

जागा: उंच भरावाचा कालवा शोधा, पाटबंधारे खात्याची परवानगी घ्या आणि आवर्तन कधी सुटणार ते विचारून तारखा ठरवा. पाण्यातलं चित्रीकरण कमरेच्या वरच्या खोलीत नको. पट्टीचा पोहणारा दोर घेऊन काठावर उभा हवा. लोकरी गणवेश भिजला की जड होतो आणि वाळायला दिवस जातो. त्यामुळे पाण्याचे शॉट प्रत्येक दिवसाच्या शेवटी ठेवा, आणि जाधवांचा गणवेश दोन जोड शिवा.